रविवारपर्यंत धाप नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे तोंडातून निघत नाही. मंगळवारची सकाळ होती. शिंपीकाकांच्या घरून ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र परत आणायचं, एवढंच दवाखान्याचं काम.

काकांच्या फुप्फुसातला जंतुसंसर्ग जुना आणि चिवट. नजर अधू झालेली, म्हणून त्यांची रोजची नोंदवही माझ्याकडे, दवाखान्यातल्या नर्सकडे, असायची. सकाळी दहाला फोन करायचा. खोकला, कफाचा रंग, धाप, ताप विचारून लिहायचं. काही बिघडलं तर डॉक्टरीणबाईंना लगेच कळवायचं. शेवटच्या आठवड्यात मी एकदाही फोन केला नाही. कालचंच आज उतरवत गेले. 'कफ पांढरा. धाप नाही.' गुरुवारी काका गेले. माझ्या वहीत ते रविवारपर्यंत बरे होते.

सोमवारी काका गेल्याचं कळलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंसमोर सगळं कबूल केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काकूंनाही तुम्हीच सांगा."

काकूंनी दार उघडलं. खोलीत वाफाऱ्याच्या औषधाचा वास अजून कोंडलेला. शिलाई मशीनवर चादर घातलेली. मान वर करायचं धाडस होईना.

"काकू, मी... त्या आठवड्यात फोन केलाच नाही. सगळं मनानेच लिहिलं."

त्यांनी नवलाने माझ्याकडे बघितलं.

"असं कसं, सिस्टर? रोज दहाला तुमचा फोन यायचा की. गुरुवारी त्यांना शब्द फुटेना, तर तुम्हीच म्हणालात... 'काका, बोलू नका. मी आहे इथे.' मग शांत झाले ते."

अंगावर काटा आला, पण त्याहून लाज वाटली. मी त्यांच्याशी असं कधी बोललेच नव्हते. 'हं, पुढे सांगा,' एवढंच, तेही घाईत.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. काकूंनी तो बाहेर आणून कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला. एकदा फोनकडे, एकदा माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

पलीकडे माझाच आवाज होता. सावकाश, मायेचा.

"आज धाप कशी आहे, काका?"

मग बराच वेळ कुणी बोललं नाही... निदान मला तरी ऐकू आलं नाही.

"बरं," पलीकडची ती म्हणाली, आणि कागदावर पेन चालू लागलं.