भुलीच्या आधीचं औषध

“बाबा, मांडीवर घ्या हिला,” सिस्टर म्हणाली.

“मी बाबा न्हाय, मामा हाय. लग्नच झालेलं न्हाय माझं.”

“लग्नाचं कोण विचारलंय?” सिस्टर हसली, आणि सम्मेदचे कान तापले.

भाचीचे, निशिगंधाचे टॉन्सिल दाखवायला तो इचलकरंजीहून कोल्हापूरला आला होता. नंतर उगाचच दोनदा दवाखान्यात येऊन गेला. सिस्टरचं नाव दीपा, एवढं कळलं. पण दोन्ही वेळा ती भुलीच्या डॉक्टरांशी, उदयसिंहांशी, हसत बोलताना दिसली. उंच माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट... सम्मेदचं जेवणावरचं मन उडालं.

ऑपरेशनच्या सकाळी निशिगंधाची आई रडायला लागली, म्हणून तिला बाहेर बसवून मामाच आत थांबला. दीपानं औषध आणलं.

“हे पिलीस की भीती पळते. मग झोप येते.”

डॉक्टर दारातून डोकावले. “दीपा असली की पोरं गपगुमान पितात. आमचं नशीब.”

“ह्यांचं कशाला नशीब?” सम्मेद पुटपुटला.

पोरीनं तोंड वाकडं करत औषध गिळलं. दीपा तिचा हात हातात घेऊन बसली. सम्मेदला आता भाचीचाही हेवा वाटायला लागला.

हळूहळू निशिगंधाचे डोळे जड झाले, जीभ मात्र सैल सुटली.

“सिस्टर... मामा म्हणतोय, त्या डॉक्टरनं तुमाला भूल घातलीया.”

“बरळतीया ओ,” सम्मेद घाईनं म्हणाला.

“आईला म्हणत होता... जेवला पण न्हाय...”

दीपानं त्याच्याकडे नीट पाहिलं. “डॉक्टर रोज भूल देतात. मी शेजारी जागीच असते की.”

तेवढ्यात डॉक्टर आले, पेंगुळलेल्या पोरीला उचलून आत गेले. दीपाही निघाली, पण दाराशी थांबली.

“दोनदा उगंच आलासा. विचारलं काय, तर गाडी कुठं लावायची. माणसानं जागं असतानाच बोलावं... नंतर राहून जातं.”

सम्मेद दोन पावलं पुढं आला.

“गाडी कुठं लावायची ते मला पयल्या दिवशीच ठावं होतं. तुमी आवडता मला, म्हणून येत होतो.”

ती खाली बघून हसली.

“पोरगी उठली की थंड मागंल. आइस्क्रीम आणून ठेवा. दोन.”

“दुसरं... डॉक्टरांना?”

“मला.”

“आणि मी?”

“माझ्यातलं खावा,” दार लोटता लोटता दीपा म्हणाली. “उष्टं चालतंय न्हवं?”