फ्लेक्सवरचे वाचक

भारत अंबडला गेला होता तो जुने मोबाइल आणायला. काच तडकलेली चालेल, बटण तुटलेलं चालेल, फक्त नेट लागलं पाहिजे, असं त्यानं दुकानदाराला सांगितलं आणि पिशवीभर फोन घेऊन दुपारच्या एस.टी.नं वडीगोद्रीला परतला. त्याच्या फ्लेक्स छापायच्या दुकानामागे एक खोली होती. खिडकी नाही, शाईचा उग्र वास, पंखा नावाला. तिथल्या फळीवर त्यानं सगळे फोन ओळीनं उभे केले.

काम एकच होतं. त्याचा चुलतभाऊ रामप्रसाद नेटवर मोसंबीच्या बागांविषयी लिहायचा. ते पान वाचायला लोक यायचे, म्हणून त्यावर जाहिराती यायच्या, आणि त्यावर रामप्रसादचं घर चालायचं. या फोनांनी आपोआप ते पान उघडायचं आणि दिवसभर जाहिरातींवर टिचक्या मारत सुटायचं. खोट्या टिचक्या दिसल्या की जाहिरातवाल्यांना वाटणार, रामप्रसादच लबाडी करतोय. मग ते त्याच्या जाहिराती कायमच्या बंद करणार.

एवढं पोटात दुखायचं कारण काय? रामप्रसाद लहानपणीच पोरका झाला आणि भारतच्या घरी वाढला. भारतचे वडील रामराव, म्हणजे आबा, शेतातून आले की पायरीवरूनच विचारायचे, "रामप्रसाद जेवला का?" सख्खा मुलगा समोरच बसलेला असायचा. त्याला कधी विचारलं नाही. आबा जाऊन वर्ष झालं तरी भारतची ती जळजळ गेली नव्हती.

प्रत्येक फोनवर खातं उघडायला एक नाव आणि एक चेहरा हवा होता. दुसऱ्या कुणी वाटेल ती नावं ठोकून दिली असती. भारतच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र पंचक्रोशीतल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचे फोटो तयार पडले होते. त्यानं तेच वापरले. झुंबरबाई आल्या, काकासाहेब आले. शेवटच्या फोनला त्यानं मुद्दाम आबांचं नाव दिलं, त्यांचा फोटो लावला. आबांच्या हातूनच त्यांच्या लाडक्याला पाडायचं, या विचारानं त्याला फार गार वाटलं.

फोन कामाला लागले. त्या अंधाऱ्या खोलीत गेलेली माणसं रामप्रसादचं पान उघडायची, टिचकी मारायची, पुन्हा उघडायची. आबांचा फोन तेवढा टिचकी मारत नव्हता. तो पान सावकाश सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा. वाचल्यासारखा. भारतनं तो बंद करून पुन्हा लावला, तरी तेच. शेवटी त्यानं सिम काढलं, बॅटरी काढली आणि फोन गल्ल्याच्या खणात टाकून कुलूप लावलं. मेल्यावरसुद्धा त्याचंच कौतुक, असं मनात आलं आणि त्याला घास गोड लागला नाही.

बाकीच्यांनी काम चोख केलं. थोड्याच दिवसांत रामप्रसादच्या जाहिराती बंद झाल्या.

मग एका दुपारी लाइट गेलेली असताना रामप्रसाद स्वतःच दुकानात आला. तोंड उतरलेलं. तो गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"भाऊ, बंद केलं त्यांनी समदं. म्या काहीच केलं न्हाई, पण ऐकतंय कोण."

"मंग? पान तरी हाय का?" भारतनं विचारलं.

"पान हाय. म्या लिहिणं सोडलं, तर वाचायला कोणी न्हाई. एकच माणूस रोज येऊन राह्यला... बराबर जेवायच्या टायमाला." त्यानं आपला फोन पुढं केला. "मला वाटलं, तूच मायेनं करून राह्यला."

पानाच्या खाली, वाचकांनी लिहायच्या जागी, आबांचा तोच फ्लेक्सवरचा फोटो होता. त्याच्यापुढं रोजची एकच ओळ. जेवलास का?

खणाला कुलूप होतं. किल्ली भारतच्याच खिशात होती. त्याला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण तिच्याआधी छातीत जे भडकलं ते जुनंच होतं. ह्यालाच. आत्तासुद्धा ह्यालाच.

"दे इकडं." त्यानं फोन ओढून घेतला आणि खाली लिहिलं, आबा, मी भारत. मी पण जेवलो न्हाई.

दोघं काचेकडं बघत राहिले. पंखा बंद होता. शाईच्या वासात कुठून तरी आबांच्या तंबाखूचा वास येऊन मिसळला. मग उत्तर आलं.

त्याच्या ताटातलं कोणी काढलं, भारत?

रामप्रसादनं ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग त्यानं हळूहळू मान वर केली.

"भाऊ... हे काय लिहून राह्यले आबा?"

गल्ल्याच्या खणात काहीतरी थरथरत होतं. भारतनं किल्ली लावली, खण ओढला. बॅटरी एका कोपऱ्यात वेगळी पडली होती, सिम दुसऱ्या कोपऱ्यात. रामप्रसाद उठून गल्ल्याच्या या बाजूला आला. तेव्हा फोन उजळलेला होता, आणि आबांचं लिहिणं अजून चालूच होतं.