नखऱ्याशिवाय सोनं

"तुमच्या वेणीवरून कुणीतरी चाललंय."

बसथांब्यावर भुरभुर पावसात हे वाक्य मागून कानावर आलं आणि अळीवालीच्या जिभेवर एक सणसणीत उत्तर तयार झालं. पण 'कुणीतरी' म्हणजे कोण हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती जागच्या जागी खांबासारखी उभी राहिली.

"कुठपर्यंत पोचलीय?" तिने मान न वळवता विचारलं.

"निम्म्यावर. रमतगमत चाललीय. मधूनच डोकं वर काढून बघतेय."

"मग आमचीच ती. हात स्वच्छ आहेत तुमचे?"

"आहेत."

"तंबाखू? अत्तर? साबणाचा वास?"

"बाई, अळी उतरवायचीय की स्थळ बघताय?"

तिला हसू आलं, पण हसलं तर वेणी हलेल म्हणून तिने ते गिळलं. त्याने दोन बोटांनी, फुलाची पाकळी उचलावी तशी अळी उचलली आणि तळहातावर घेतली. अळीवाली वळली. समोर एक उंच, किंचित वाकलेला तरुण उभा होता. शर्टाच्या बाहीला सुताचे तुकडे चिकटलेले, आणि डोळ्यांत असं काही, की... की तेवढ्यात बस आली, थांबली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. दोघांपैकी कुणालाही ती दिसली नाही.

तिने पिशवीतून तुतीचं पान काढून अळीपुढे धरलं. अळीने ते हुंगल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं.

"रुसली वाटतं," तो म्हणाला.

"जाड पान आहे ना. हिला शेंड्याचं, कोवळं, आजच्या सकाळचं लागतं. सोनेरी कोशाची जात आहे, नखरा फार."

"सोनेरी?" त्याचा आवाजच बदलला. "म्हणजे रेशीम केंद्र तुमचंच? अहो, मी तिकडेच निघालो होतो. मी विणकर. रंगात न बुडवलेलं सोनेरी सूत एकदा तरी मागावर चढवायचंय."

"मग चला चालत," ती म्हणाली. "बस गेली."

"कधी?"

रेशीम केंद्र म्हणजे लांबट कौलारू इमारत, मागे तुतीची रोपं, आणि आत फळ्यांवर फळ्या रचून परड्याच परड्या. दारात पाऊल ठेवताच विणकर थबकला. बाहेरचा पाऊस तर केव्हाच थांबला होता.

"आत पाऊस पडतोय?"

"जेवतायत," ती म्हणाली. "हजारो तोंडं एकदम पान कुरतडायला लागली की असाच आवाज येतो. नवखे लोक छत्री शोधतात. एक तर आत येऊन उघडून बसला होता."

तो कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. अळीवालीने आजवर पुष्कळ पाहुणे पाहिले होते. कुणी नाक मुरडायचं, कुणी किंचाळायचं. डोळे मिटून ऐकणारा हा पहिलाच.

मग त्याने विचारलं, की सोनेरी कोश मिळतील कधी. तिने उसासा टाकला आणि सगळं सांगितलं. केंद्रात दोन जाती होत्या. एक पांढऱ्या कोशाची: जाड, शिळं, धुळीचं, समोर येईल ते पान खाऊन टुणटुणीत राहणारी. दुसरी सोनेरी: कोवळ्या पानावाचून उपाशी मरणारी. सोनं हवं, नखरा नको, म्हणून तिने दोन्ही जातींचा संकर केला होता. पण पुढच्या पिढीत दर वेळी तेच. सोनेरी निघाली की नखरेल, आणि बिननखऱ्याची निघाली की पांढरी.

"असं का?"

तिने त्याच्या बाहीवरचे दोन सुताचे तुकडे सहज काढून घेतले. नंतर तिच्या लक्षात आलं की विचारायला हवं होतं.

"हे गुणसूत्र. नावातच सूत आहे, तुम्हाला जड जाऊ नये. त्याच्यावर जनुकं ओळीने बसलेली असतात, ह्या गाठींसारखी. एक सूत आईचं, एक बापाचं. पोराला देताना दोनांतलं एकच जातं. आता सोनं आणि नखरा बसलेत एकाच सुतावर. सोन्याला बोलावलं की नखरा आलाच, पाठराखीण आल्यासारखा."

"मग सोडवायचं कसं?"

"आपल्या हाताने नाही सुटत. पण कधी कधी ही दोन सुतं एकमेकांना बिलगतात, तुटतात आणि उलटसुलट सांधली जातात. ह्याचं टोक त्याला, त्याचं ह्याला. त्या गडबडीत सोनं इकडे राहिलं आणि नखरा तिकडे गेला..."

"की जाड पान खाऊन सोनं देणार," तो म्हणाला. मग थोडा वेळ सुतांकडे बघत, "बिलगतात म्हणजे नेमकं कसं?"

"तुम्हाला सांधायचं समजलं ना? तेवढं पुरे," असं म्हणून ती परड्यांकडे वळली. कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर विणकर येतच राहिला. कधी कोशाचा भाव विचारायला, कधी विचारलेला भाव विसरला म्हणून. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मागावर सूत घेऊन फिरणाऱ्या धोट्यासारखा. केंद्रात सगळे त्याला 'धोटा' म्हणू लागले. रिकाम्या हाताने जायला नको म्हणून अळीवाली त्याला एक टोपली देई. तिच्यात संकराचे नर पतंग असत. तिच्या कामाला लागत फक्त संकराच्या माद्या. त्यांची जोडी ती पांढऱ्या जातीच्या नरांशी लावी. नर जात धोट्याच्या आईच्या कोंबड्यांना. त्या कोंबड्या म्हणे इतक्या माजल्या होत्या, की रस्त्यावरची कुत्री त्यांना वाट देत.

संकराची मादीच का, असं अळीवालीला कुणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही नाही. आधी ती फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत होती. तिथे हीच रीत. तिचा हात असा बसला होता, की झोपेतसुद्धा तिने मादीच उचलली असती.

एक दिवस मोठ्या बाई परड्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. केंद्र त्यांचं, शब्द त्यांचा, आणि त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं तरी चार घरांतलं दूध नासायचं.

"कोवळी पानं खुडून खुडून माणसांची बोटं झिजली," त्या म्हणाल्या. "ही शेवटची खेप. ह्यात एक तरी निघाली तर ठीक. नाहीतर सोनेरी जात बंद, आणि तू तुझ्या माश्यांकडे परत. बरं?"

अळीवालीने मान हलवली. सोनेरी जात बंद म्हणजे एकही कोश बियाण्याला न ठेवता सगळे उकळत्या पाण्यात. त्या दिवशी तिला स्वतःलाही पान गोड लागेना.

शेवटच्या खेपेचे पतंग कोशांतून बाहेर पडले. तिने माद्या वेगळ्या काढल्या, नरांची टोपली नेहमीसारखी धोट्याच्या हाती दिली. तो ती पोचवून उलट्या पावली परत आला. तुतीच्या ओळीत ती एकटी पानं खुडत होती. पानांवरचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "भावाचं नाही."

"मग?"

"माझ्याशी... म्हणजे, आपण... लग्न करशील?"

एक पान खाली पडलं. तिने ते उचललं नाही.

"मला तू हवास," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. "पण तुझ्यामागोमाग काय काय येतं, बघ ना. नदीपलीकडचं घर आलं, माग आला, सून म्हणून मागावर बसणं आलं. इथलं सगळं सुटणं आलं. ही खेप साधली तरी मी इथे नसणार. एकाच सुतावर बसलंय सगळं. एक घेतलं की दुसरं येतंच."

धोटा जरा चिडला.

"दर वेळी बाईनेच हलायचं, हे तुला कुणी सांगितलं? पुरुषाला काय मेख मारून ठेवलंय? मी हलतो की. माग काय, सुटा करायचा, आणायचा, परत जोडायचा."

अळीवाली त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"माग सुटा करायचा..."

"त्याच्या आधीचं."

"दर वेळी बाईनेच..."

"माश्यांत बाईच हलते," ती स्वतःशीच बोलायला लागली. "नर माशीची एक जोडी बेमेळ, दोन सुतं दोन तऱ्हांची. आणि ज्याची ती जोडी बेमेळ, तो कुठल्याच सुतांची अदलाबदल होऊ देत नाही. म्हणून तिथे मादी घ्यायची. पण पतंगांत बेमेळ जोडी कुणाची असते?"

"मला विचारतेस?"

"मादीची. म्हणजे इथे अदलाबदल नरातच होणार. शिकले होते मी हे. शिकून विसरले होते. इतके दिवस दगडाला पाझर फुटायची वाट बघतेय, आणि ज्यांना फुटला असता त्यांना..." तिचा हात तोंडावर गेला. "आजची टोपली कुठे आहे?"

"आईकडे दिली."

"आणि आईने?"

"आता कोंबड्यांच्या जेवणाचीच वेळ. अगं, मी लग्नाचं विचारलंय."

"ते नंतर," ती म्हणाली आणि धावत सुटली.

भोकांच्या डबीत नरांना भुलवायला घेतलेली पांढऱ्या जातीची एक टपोरी मादी, डबी तिच्या मांडीवर, ती सायकलच्या मागे आणि पुढे धोटा. पुलावरून ती सायकल अशी गेली, की नदीतले मासे दोन्ही काठांना सरकले म्हणतात. अंगणात पोचले तर कोंबड्या पंगतीला बसल्यासारख्या गोल बसलेल्या आणि मधे टोपली पालथी.

धोट्याची आई ओसरीवर उभी होती, पदराला हात पुसत.

"ही कोण?"

"आई, ही ती..."

"कोंबड्यांना उठवा," अळीवाली धापा टाकत म्हणाली.

"भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, पोरी. आणि तशीही पंगत उठलीच आहे."

खरंच, अंगणात पंखांची भुकटी तेवढी उरली होती. अळीवाली मटकन पायरीवर बसली. सोनं गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही. धोटा तिच्या शेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "ती डबी उघडून तरी बघ. एखादा पळाला असेल."

तिने झाकण काढलं. मादी ढिम्म बसून होती. पण तिचा गंध सुटला, माणसाच्या नाकाला न कळणारा. क्षण गेला, दुसरा गेला... आणि आतल्या खोलीतून, मागाच्या खालून, बारीक फडफड ऐकू आली.

उडता न येणारा एक नर पंख थरथरवत, गिरक्या घेत, उंबऱ्याकडे निघाला होता. त्याच्यामागे दुसरा. ताण्याच्या सुतांतून तिसरा घसरत उतरला. त्याचा अर्धा पंख कोंबडीने नेला होता, उत्साह मात्र शाबूत होता.

"त्या डबीत कोण आहे?" आईने विचारलं.

"मादी आहे. काही करत नाही. नुसती बसते."

"आणि हे एवढे नाचत आले," आई लेकाकडे बघत म्हणाली. "आमच्याच घराण्यातले दिसतात."

त्या तिघांची लग्नं पांढऱ्या जातीच्या तीन माद्यांशी त्याच दिवशी लागली. अंडी घातली गेली, अळ्या निघाल्या, वाढल्या. पुरत्या मोठ्या झाल्यावर अळीवालीने सगळ्यांपुढे जाड पान टाकलं. ज्यांनी तोंड फिरवलं त्यांची फळी वेगळी, त्यांना कोवळं. ज्या मुकाट खात राहिल्या त्यांची वेगळी. आणि मग अळ्यांनी कोश विणायला घेतले.

पहिली बातमी वाईट दिसली. नखरेलांच्या फळीवर, सगळ्या सोनेरी कोशांत, एक पांढराफटक कोश.

"नखरा आहे आणि सोनं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ह्यात आनंद कसला?"

पण अळीवाली हसत होती, रडत होती, धोट्याची बाही घट्ट धरून उभी होती. "बाई, गाठ सुटली. हिच्याकडे नखरा एकटाच आलाय. मग सोनंही कुणाकडे तरी एकटं गेलं असणार."

ती जाड पानांच्या फळीकडे गेली. पांढरा, पांढरा, पांढरा... सगळीकडे पिंजलेल्या ढगांसारखा पांढरा रंग. मग एका कोपऱ्यात अळी अजून मान डोलवत विणत होती, आणि तिच्याभोवतीचं जाळं उन्हासारखं पिवळं होतं. खालच्या परडीत आणखी एक. पलीकडे आणखी तीन.

मोठ्या बाईंनी पुरा झालेला एक कोश उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला. सगळं केंद्र श्वास रोखून उभं.

"बरं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी दूध कुठेच नासलं नाही. "ह्यांतला एकही उकळायचा नाही. सगळे बियाण्याला. आणि माश्यांना कळव, तू येत नाहीस म्हणून."

टाळ्यांच्या गजरात बाहेर बैलगाडीची खडखड ऐकू आली. अळीवाली दारात गेली तर गाडीवर सुटा केलेला माग, मागावर धोट्याची आई, आणि आईच्या मांडीवर कोंबड्यांचं खुराडं. धोटा बातमी ऐकायला आत होता खरा, पण आईला निघायला सांगूनच आला होता.

"अजून मी उत्तर दिलेलं नाही," अळीवाली म्हणाली.

"म्हटलं, आधी हलून बघू."

"मागची पत्र्याची खोली रिकामी आहे," मोठ्या बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "माग मावेल. कोंबड्या कुंपणाबाहेर."

सगळे माग उतरवायला गेले. दारात दोघंच उरले. आत हजारो तोंडांचा पाऊस पडत होता.

"तू 'ते नंतर' म्हणाली होतीस," त्याने विचारलं. "ते नंतर आलं का अजून?"

तिने त्याच्या बाहीवरचा सुताचा तुकडा काढला, स्वतःच्या बोटाला गुंडाळला.

"हात स्वच्छ आहेत," ती म्हणाली, "तंबाखू नाही, अत्तर नाही. मी तर बसथांब्यावरच स्थळ पसंत केलं होतं. फक्त वेणी हलेल म्हणून बोलले नाही."

लग्न झालं, सोनेरी सूत मागावर चढलं, नवी जात दूरदूरवर गेली. सगळे खूश होते. कोंबड्या तेवढ्या अजून कुंपणापलीकडून अळीवालीकडे रागाने बघतात. त्यांच्या मते ह्या प्रेमात नुकसान फक्त त्यांचं झालं.