कांद्याच्या वाफ्यापर्यंत पोचणारं नेट

खोटं वाटलं तर न्हावऱ्याला येऊन म्हस्कूआबांना विचारा. सगळं सांगतील. फक्त दिवस मावळायच्या आत या.

मागल्या मार्गशीर्षातली अवस. कडुसं पडलेलं, दिवेलागणीची वेळ.

आबांची नात प्रगती घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायची. नेट दिवसभर बरं चालायचं. दिवेलागण झाली की अडकायचं.

रोज. त्याच वेळेला.

"साहेब म्हणत्यात, नेट सुधारा न्हाईतर दुसरं काम बघा," प्रगती म्हणाली.

तिनं शिरूरच्या वायफायवाल्याला फोन लावला.

"ताई, कुणीतरी फुकट वापरतंय. पासवर्ड बदला."

तो सांगत गेला, ती सेटिंग बदलत गेली. नेट एकदम पळायला लागलं.

"बघा आबा, चोर गेला."

आबा हसले.

तेवढ्यात कांद्याच्या वाफ्याकडून आवाज आला…

"अवं… ओव्या थांबल्या."

आबांचा चहाचा कप तोंडाशीच राहिला.

अनसाबाईचा आवाज. त्यांच्या बायकोचा.

तिला तर चैतातच त्या वाफ्याच्या कडेला माती दिली होती. जिवंतपणी ती रोज दिवेलागणीला मोबाईलवर धनगरी ओव्या ऐकायची. म्हणून माती देताना आबांनीच घोंगडीत, तिच्या कानाशी तो मोबाईल ठेवला होता.

चार्जर अजून भिंतीला लोंबत होता.

"पोरी, जुना पासवर्ड टाक."

"त्यो कुणाच्या ध्यानात हाय, आबा? जोडणाऱ्यानं टाकलेला." प्रगती वाफ्याकडंच बघत होती. आवाज तिनंही ऐकला होता.

वायफायवाल्यालाही तो आठवेना.

मग आबांनी नवा पासवर्ड प्रगतीकडून घोकून घेतला. म्हातारपणी रात्रीच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलेला माणूस. मातीजवळ उकिडवे बसले आन् एकेक अक्षर मोठ्यानं सांगू लागले.

शेवटचं अक्षर सांगून झालं…

मग अगदी जवळून, मातीखालून…

"मला कुठं अक्षरं येत्यात?"



आता नेट झकास चालतं. प्रगतीची नोकरीही टिकली.

आबा मात्र रोज दिवेलागणीला वाफ्याकडं जातात. स्वतःच ओव्या म्हणतात. त्यांना थोड्याच येतात. आठवतील तेवढ्या म्हणून झाल्या की उठतात आणि मागं न बघता घराकडं चालू लागतात.

पण दारापर्यंत ऐकू येत राहतं…

"अवं… पुढं?"