उन्हात न थांबणारी गाडी

चंद्रावरची ती गाडी सावलीत अगदी शहाण्यासारखी चालायची. उन्हात गेली की मात्र ‘थांब’ म्हटलं तरी थांबायची नाही. असं का व्हावं?

दहा वर्षांच्या शर्वाणीचा पाय उठल्यापासून एका जागी ठरत नव्हता. तिचे बाबा दूरच्या दुर्बिणीच्या ठाण्यावर एकटेच अडकले होते. तिथला हवा शुद्ध करणारा पंप बंद पडला होता. उरलेली हवा परवापर्यंत पुरणार होती. त्यांना आणायला चालक नसलेली गाडी पाठवली, तर ती उन्हात भलतीकडेच धावत सुटली. एका टेकडीच्या सावलीत शिरून थंड झाली, तेव्हा कुठे तिला मागे वळवता आलं.

“आत्या, गाडी बिघडली की काय?” शर्वाणीने विचारलं. मालविकाआत्या वसाहतीतली पदार्थवैज्ञानिक होती.

“गाडी नाही, तिच्या मोटारीचा स्विच. तो अर्धवाहकाचा आहे (अर्धवाहक म्हणजे आपण सांगू तेव्हा वीज जाऊ देणारा आणि सांगू तेव्हा अडवणारा पदार्थ). त्यातले इलेक्ट्रॉन नाल्याच्या अलीकडे दाटीवाटीने उभे आहेत असं समज. पलीकडे मोकळं मैदान. उडी मारून पलीकडे गेले, की वीज वाहते. या नाल्याला म्हणतात ऊर्जाफट (इलेक्ट्रॉनला ओलांडावं लागणारं ऊर्जेचं अंतर).”

“आणि उन्हात?”

“उष्णतेने त्यांना जोर चढतो. नाला अरुंद, त्यामुळे न सांगताच भराभर उड्या पडतात. स्विच बंद केला तरी वीज वाहतच राहते.”

“मग रुंद नाल्याचा पदार्थ घे ना!”

“तोच शोधतेय. पण भट्टीत एक चकती बनवायला अख्खा दिवस लागतो. चुकली तर दुसरी करायला वेळ नाही. म्हणून आधी संगणकावर गणित.”

शर्वाणी पडद्यापुढे येरझाऱ्या घालू लागली. त्यावरचा फटीच्या रुंदीचा आकडा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

“हे संपत का नाही?”

“प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांकडे बघून आपली जागा ठरवतो. एक हलला की सगळ्यांचं बदलतं. म्हणून संगणक आधी एक मांडणी धरून चालतो, तिच्यावरून नवी काढतो, तिच्यावरून आणखी नवी. धरलेली आणि निघालेली मांडणी जुळली, की उत्तर मिळालं.”

“पण हा तर दोनच आकड्यांमध्ये नाचतोय! आंघोळीच्या नळासारखं. पाणी गार म्हणून गरम नळ पूर्ण सोडायचा, चटका बसला की पूर्ण बंद करायचा…”

आत्या एकदम खुर्चीत ताठ बसली. “घाईत मीच चुकले गं! प्रत्येक वेळी जुनी मांडणी पूर्ण टाकून नवी घेतेय. जुन्यात नवी थोडीथोडी मिसळायला हवी.”

तिने एक सूचना बदलली. आकडा हलला, कमी हलला, आणि स्थिर झाला. मग तिने पदार्थातलं ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढवत पुन्हापुन्हा गणित केलं. फट रुंदावत गेली. पुरेशी रुंदी आली, तशी तिने भट्टी पेटवली.

दुसऱ्या दिवशी नवा स्विच लावून गाडी निघाली. सावलीची कड ओलांडून ती उन्हात शिरली. मोटार तापली. “आता सांग तिला,” आत्या म्हणाली.

शर्वाणीने ‘थांब’ची कळ दाबली. गाडी जागच्या जागी थांबली.

त्याच गाडीतून बाबा आले ते धुळीने माखलेले, दमलेले. शर्वाणीने त्यांना घट्ट मिठी मारली. थोड्या वेळाने त्यांचा हात धरूनच ती आत्याकडे वळली.

“आत्या, जो पदार्थ कुणी बनवलाच नाही, त्याची फटही आधी कळते?”

“बऱ्याचदा. पण खात्री भट्टीच करते.”

“मग शुक्रावर तर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असतं. तिथे चालेल असा स्विच शोधायचा?”

“अगं, बाबांना आधी जेवू तर दे,” असं म्हणत आत्याने आपल्याशेजारी दुसरी खुर्ची ओढली.