हललेला फोटो

नानांनी उभं आयुष्य नोकरी केली विमा कंपनीत, पण जीव ठेवला कॅमेऱ्यांत. रोल भरायचे जुने कॅमेरे, कपाटभर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता तरी हा नाद सुटेल. पण नानाच ते. त्यांनी अंतर मोजायला दोरीला गाठी मारल्या, भिंगाच्या कड्यावर बोटाला लागतील अशा खुणा करून घेतल्या, आणि उजेड किती ते पालथ्या हातावर ऊन घेऊन ठरवू लागले. दोरीचं टोक समोरच्याच्या नाकाला लावायचं, मागे सरकायचं आणि बजावायचं, "हलू नका." नात्यागोत्यात हे न ऐकलेला माणूस शोधून सापडला नसता.

रोल धुवायला बाथरूममधला काळोख त्यांना घरचाच. "इथं सगळे माझ्याच पंगतीतले," ते म्हणत. लाल दिव्याखाली प्रिंट वर येऊ लागली की मात्र सून लागायची. ती दातांच्या कवळ्या बनवणारी. केसभराचा फरकही तिच्या नजरेतून निसटत नसे. ती फोटो पाहून सांगायची, नाना मान हलवत ऐकायचे.

मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. एका वादळानंतर त्याच्या जहाजाचा संपर्क तुटला. कंपनीतला माणूस रोज फोनवर तेच सांगे, "शोध चालू आहे, धीर धरा." सून कामावर जायची थांबली आणि फोनपाशी बसून राहिली. नानांनी कॅमेरा काढला. जेवणाच्या टेबलाशी मुलाची खुर्ची होती, तिला दोरी लावली आणि त्या रिकाम्या खुर्चीचे फोटो काढले. सुनेला राग आला, पण तिनं त्यांना अडवलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं दुःख, कुठून वाट काढेल सांगता येत नाही.

"काय आलंय?" बाथरूममध्ये नानांनी विचारलं.

"खुर्ची. खाली पाणी सांडलंय."

तिनं बाहेर जाऊन पाहिलं. फरशी कोरडी होती. निगेटिव्हवर डाग असेल म्हणून तिनं ती भिंगाखाली धरली. डाग नव्हता. फरशीवर पाणीच होतं, आणि त्यात खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं.

पुढच्या रोलमध्ये खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं. चेहरा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा दिसत होता, पण डावा खांदा उतरलेला होता. नवऱ्याचा तो खांदा तिनं हजारात ओळखला असता. एकावर एक दोन फोटो पडले असतील म्हणावं, तर रोल कोरा होता. पाकीट तिनंच फोडलं होतं.

"नाना," तिनं विचारलं, "गेलेली माणसं अशी येतात का हो?"

"फोटो हललाय ना?"

"हो. फार हललाय."

"मग रडू नकोस. गेलेला माणूस हलत नाही, पोरी."

त्या दिवशी दोघं पोटभर जेवली. नाना रोज खुर्चीचे फोटो काढत राहिले. रोज तो बसलेला असे, रोज हललेला. सून आता फोनपेक्षा बाथरूमच्या दाराकडे डोळे लावून बसू लागली.

मग एका दुपारी प्रिंट वर आली आणि तिला आनंदच झाला.

"नाना, आज किती स्पष्ट आलाय. पापणीचा केस न् केस दिसतोय."

नानांचा हात पाण्यातच राहिला.

"किती स्पष्ट?"

फोटो जराही हललेला नव्हता. तिला कळलं होतं.

नाना उठले. आपल्याच घरात कधी न अडखळणारा माणूस दाराच्या चौकटीवर आपटला. चाचपडत खुर्चीपाशी गेले, तिची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"हल," ते म्हणाले. "हल रे. ऐकतोस ना? हल."

खुर्ची गदागदा हलवत ते बोलत राहिले. घसा बसला तेव्हा सून पुढे झाली. रिकाम्या खुर्चीला ती नवऱ्याच्या घरच्या नावानं हाका मारू लागली.

संध्याकाळी फोन आला. एका मच्छीमार बोटीला तराफा सापडला होता. त्यावर चार जण होते, चौघंही जिवंत.

मुलगा घरी आला तो निम्मा होऊन. पहिले काही दिवस नुसता जेवायचा आणि झोपायचा. मग एकदा हसत म्हणाला, "शेवटी फार झोप यायला लागली होती. थंडीही वाजेना. झोपलो असतो तर संपलंच होतं. आणि नाना आपले कानाशी ओरडतायत, हल म्हणून. जन्मात पहिल्यांदा हलायला सांगितलंत तुम्ही मला."

नाना कॅमेरा घेऊन आले. त्यांनी त्याला खुर्चीत बसवून फोटो काढला. उजेड भरपूर होता, घरभर हसू होतं.

प्रिंट सुनेनंच धुतली. नवरा छान आला होता, गाल थोडे भरलेले, खांदा हसण्यानं किंचित हललेला. त्याच्या मागे दार होतं. दाराच्या चौकटीवर कुणाचा तरी हात होता. तोही हललेला.

तिनं ती प्रिंट नवऱ्यासमोर धरली. त्याचं हसू मावळलं.

"करंगळी नाही," तो हळूच म्हणाला. "आमच्या जहाजावरचा स्वयंपाकी आहे हा. लाटेनं नेलं त्याला. अजून सापडलेला नाही."

नानांनी मान वळवली. "घरचे त्याला काय म्हणून हाक मारतात?"

मुलानं सांगितलं. नानांनी ते नाव दोनदा पुटपुटून पाहिलं आणि नवा रोल मागितला. सून रोल आणायला निघाली. दारातून जाताना तिनं आधारासाठी चौकटीवर हात टेकला आणि लगेच काढून घेतला.

लाकूड ओलं होतं, आणि बर्फासारखं गार.