लताबाईंचा राहिलेला सिनेमा

शनिवारी जेवणं आटोपली की सिडकोतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पडदे ओढले जायचे आणि भिकनराव व लताबाई शेजारी शेजारी घाबरायला बसायचे. लोक शनिवारी मारुतीला जातात, हे दोघे भुताला. वास्तविक भूतखेत मानायचं नाही, हे भिकनरावांच्या बौद्ध घरात वडिलांच्या काळापासून ठरलेलं. पण पडद्यावरच्या भुताला मानावं लागत नाही, नुसतं बघावं लागतं, असं लताबाईंचं म्हणणं होतं. त्या शाळेत शिकवत असल्यामुळे ते मान्य करण्यावाचून इलाज नव्हता.

सिनेमांची नावं दोघांच्याही लक्षात राहत नसत. मग लताबाईंनी स्वतःच बारशी केली. 'ओल्या पावलांचा', 'लिफ्टमधल्या म्हातारीचा', 'जावई खातो तो'. पुण्याहून लेक अंजली फोन करून नवऱ्यासाठी बघण्यासारखे चांगले भयपट विचारायची, तेव्हा तिला हीच नावं मिळायची आणि ती बिचारी शोधत बसायची.

भिकनराव अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, तपासणी खात्यातून. तपासल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही, हे अंगात मुरलेलं. म्हणून शुक्रवारी ते सिनेमा एकटेच बघून ठेवत आणि शनिवारी भीतीची जागा आली की हळूच म्हणत, "होल्ड." लताबाई उशी तोंडावर घेत. भूत गेलं की हे म्हणत, "पास," आणि उशी खाली येई. कधीमधी भूत दात विचकून उभं असतानाच ते गंभीर चेहऱ्याने "पास" म्हणून टाकत. मग तीच उशी त्यांच्या डोक्यात बसे, आणि वर दम मिळे, "माझीपण पाळी येईल हो, लक्षात ठेवा."

शेवटचा सिनेमा मात्र बिनतपासणीचा होता. त्याच दिवशी आलेला, आणि लताबाईंना दम निघेना. अर्ध्यावर त्या म्हणाल्या, छातीत जड वाटतंय. सिनेमा थांबवून भिकनराव त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तिथून ते एकटेच परत आले.

तेव्हापासून टीव्ही लावला की कोपऱ्यात तो सिनेमा दिसायचा, खाली अर्ध्यावर थांबलेली लाल रेघ. अंजलीचं मत, बाबा, काढून टाका नाहीतर एकदाचा बघून संपवा. त्यांना दोन्ही जमेना. दोघांनी मिळून सुरू केलेलं सगळं संपलं होतं, घराचे हप्ते, नोकऱ्या, अंजलीचं लग्न. एवढा एक सिनेमा तेवढा चालू होता. तो संपवायचा म्हणजे लताबाईंना दुसऱ्यांदा पोहोचवून येण्यासारखं होतं.

एका शनिवारी ती रेघ बोटभर पुढे सरकलेली दिसली.

खातं अंजलीचं, म्हणून संशय आधी तिच्यावर गेला. ती म्हणाली, असलं बघून मला झोप लागत नाही, मी कशाला हात लावू? जावई तर 'जावई खातो तो' दाखवल्यापासून या वाटेला फिरकत नव्हते. तरी पासवर्ड बदलून घेतला. पुढच्या शनिवारी रेघ आणखी पुढे. कपाटात ठेवलेली उशी सोफ्याच्या डाव्या टोकाला, लताबाईंच्या जागेवर. निफाडच्या मेहुण्याने पाठवलेल्या द्राक्षांतली आंबट तेवढी वाटीत उरलेली. गोड वेचून खाणं हे त्या घरात एकाच माणसाचं काम होतं.

मग रेघ थांबली. शनिवारमागून शनिवार गेले, हलेना.

भिकनरावांनी तपासनिसाच्या डोक्याने विचार केला. माल एका जागी अडतो तेव्हा कुणीतरी तो सोडायचा राहिलेला असतो. तिथे भीतीची जागा असणार. लता उशी तोंडावर धरून बसली असणार. आणि "पास" म्हणायला दुसरं होतं कोण?

हे पटल्यावर त्यांना स्वतःचीच काळजी वाटली. तरी शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाराला आतून कडी आणि साखळी लावली, द्राक्षं धुऊन ठेवली आणि पडदे ओढले. डावा हात सकाळपासून जड होता. बादली उचलल्यामुळे असेल.

पडद्यावर लांब बोळ होता आणि टोकाला दार. दार हलू लागलं.

"होल्ड," भिकनराव म्हणाले.

डावीकडे सोफा किंचित दबला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. दारातून जे आलं ते फार काही नव्हतं, 'ओल्या पावलांचा' मध्ये याहून वाईट होतं. ते गेल्यावर ते म्हणाले, "पास." शेजारी कुणीतरी सुस्कारा सोडला.

असं शेवटपर्यंत चाललं. त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नाही.

नावं वर सरकू लागली. लाल रेघ टोकाला लागली. भिकनरावांच्या छातीत जड झालं. रडू येतंय, असं त्यांना वाटलं. टीव्ही काळा झाला.

डाव्या कानाशी, अगदी हळू, शब्द आला.

"होल्ड."

सिनेमा तर संपला होता. पण त्यांच्या मांडीवर उशी आली. त्यांनी ती तोंडावर घेतली आणि डोळे मिटले.

स्वयंपाकघराकडून पावलं येत होती. अनवाणी, बिनघाईची.

पावलं समोर येऊन थांबली. गुडघ्यांना गार लागलं.

त्यांची डावी बाही कुणीतरी घट्ट धरली. पकड आणखी आवळली. बराच वेळ तिघंही हलली नाहीत.

मग पावलं वळली.

"पास," लताबाई म्हणाल्या.

त्या शब्दाची भिकनरावांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी उशी खाली घेतली.

खोलीत कुणी नव्हतं. छाती मोकळी झालेली. हात हलका. इस्त्रीच्या डाव्या बाहीवर चार बोटांच्या चुण्या.

"खरं बोललीस," ते म्हणाले.

वाटीत आंबट द्राक्षं उरली होती. दाराची कडी आतून लावलेलीच होती. साखळी मात्र अजून हलत होती.